चुना फासण्याआधी फोटो काढा

भिंतीवर कुणी एखाद्या समाजाला शिवी रंगवली तर महापालिकेनं काय करावं? 'महापालिकेनं गटार-पाणी बघावं, असल्या भानगडी पोलिसांच्या' हे काहींचं मत मला अर्धंच पटलं. गुन्हा पोलीसच नोंदवणार, समाजासमाजांत वैर पसरवण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहेच. पण आमच्या कळव्यात गल्लीच्या तोंडाशी एका समाजाला शिवी रंगवली होती, ती पुसायची कुणी यातच चार दिवस गेले. शाळेची पोरं रोज वाचत जायची. शेवटी कुणीतरी रात्री चुना फासला, फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही. गेला पुरावा! प्रभाग समितीनं एवढं तरी ठरवावं: आधी फोटो आणि पोलिसांना खबर, मग त्याच दिवशी भिंत साफ. आणि ज्यांना शिवी दिली त्यांच्या दारात एखादा अधिकारी जाऊन यावा. (आमच्याकडे फक्त फ्लेक्सवाले फिरकले.)

भिवंडी तर आपल्याच ठाणे जिल्ह्यातली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर तिथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमान एकाच सतरंजीवर. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. आमच्या वॉर्डातली शांतता बैठक मात्र सणाच्या तोंडावर, चहा-बिस्किटांपुरती.