शब्दचर्चा : स्ट्रॉम थर्मंड यांना ‘पुराणमतवादी’ म्हणावे का?

प्रश्न

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याचे नेते स्ट्रॉम थर्मंड (१९०२–२००३) यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. माहिती भरपूर जमली, पण शब्दांशी अडले आहे. ‘कन्झर्व्हेटिव्ह’साठी पुराणमतवादी, रूढिवादी, परंपरावादी, सनातनी यांपैकी कोणता शब्द घ्यावा? ‘गव्हर्नर’ला राज्यपाल चालेल का? १९५७ साली ते सिनेटमध्ये (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) २४ तास १८ मिनिटे बोलत राहिले, त्या ‘फिलिबस्टर’ला मराठीत काय म्हणावे? आणि १९४८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी ‘स्टेट्स राइट्स’ या नावावर लढवली. त्याला ‘राज्यांची स्वायत्तता’ म्हणावे असे वाटते. जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

शेवटच्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण लेख तिथेच घसरण्याची भीती आहे. ‘स्वायत्तता’ कृपया नको. आपल्याकडे या शब्दाला चांगली पुण्याई आहे. राज्यांची स्वायत्तता म्हटले की सरकारिया आयोग आठवतो, करातला वाटा आठवतो, दिल्लीकडे हात पसरावे लागू नयेत ही मागणी आठवते. म्हणजे वाचक पहिल्याच ओळीत थर्मंड यांच्या बाजूला जाऊन बसेल.

आता १९४८ साली काय चालले होते ते पाहा. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, झुंडबळीविरोधी कायदा मागितला, मतदानासाठी भरावा लागणारा डोईकर रद्द करायला सांगितले. जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने नागरी हक्कांचा ठराव मंजूर केला, तेव्हा मिसिसिपीचे प्रतिनिधी आणि अलाबामाचे निम्मे प्रतिनिधी उठून गेले. काही दिवसांतच बर्मिंगहॅमला दक्षिणेतले बंडखोर जमले आणि त्यांनी थर्मंड यांना उमेदवार केले. लष्कर आणले तरी दक्षिणेतले वर्णविभाजन मोडता येणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे त्या वेळचे भाषण प्रसिद्ध आहे. चार राज्ये आणि निर्वाचक मंडळाची ३९ मते त्यांना मिळाली.

तर राज्यांना हवा असलेला ‘हक्क’ हा होता : कोणत्या मुलाने कोणत्या शाळेत बसावे आणि कोणाचे नाव मतदारयादीत येऊ द्यायचे नाही, हे कातडीच्या रंगावरून ठरवण्याचा. त्यांच्याच राज्यातल्या क्लॅरेंडन काउंटीत कृष्णवर्णीय पालकांनी आपल्या मुलांसाठी शाळेची बस मागितली होती. गोऱ्या मुलांना बस होत्या, यांना नव्हती. त्या मागणीतून उभा राहिलेला खटला पुढे शाळांमधले वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक ठरला. बस नाकारण्याच्या मुभेला मराठीत स्वायत्तता म्हणणे मला पटत नाही. ‘राज्यांचे हक्क’ असे अवतरणचिन्हांत लिहा आणि लगेच पुढच्या वाक्यात ते कशाचे हक्क होते ते सांगा.

प्रश्नकर्ती

पटले. मग वर्णविभाजनासाठी ‘विलगीकरण’ लिहू का? जुन्या पुस्तकांत तो शब्द पाहिला आहे.

प्रतिसाद

२०२० नंतर नाही. आता विलगीकरण म्हटले की कोविड केंद्रातली खाट डोळ्यांपुढे येते. ‘वर्णभेद’ हा शब्द रुळलेला आहे, पण तो वृत्ती सांगतो. बसमधल्या वेगळ्या जागा, वेगळे नळ, वेगळे दवाखाने ही कायद्याने बसवलेली व्यवस्था होती. त्या व्यवस्थेसाठी ‘वर्णविभाजन’ आणि त्यामागच्या मनोवृत्तीसाठी ‘वर्णद्वेष’, असे दोन शब्द निरनिराळे ठेवावेत.

दुसरा प्रतिसाद

गव्हर्नरला राज्यपाल अजिबात नको. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. थर्मंड १९४६ ची निवडणूक जिंकून १९४७ ते १९५१ राज्याचे प्रमुख होते, म्हणजे कामाच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचे. ‘गव्हर्नर’च ठेवा. ‘सिनेट’ही ठेवावे लागेल, फक्त पहिल्यांदा येईल तिथे स्पष्ट करा. ते १९३३ ते १९३८ राज्याच्या सिनेटमध्ये होते, आणि वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये गेले १९५४ मध्ये. आपल्या वाचकाला सिनेट म्हटले की विद्यापीठाची अधिसभा आठवते, त्यात या दोन सिनेट मिसळल्या तर गोंधळ होईल.

आणि ‘दक्षिण अमेरिकेतील नेते’ असे चुकूनही नको. वर्तमानपत्रांत हे दिसते आणि वाचक ब्राझीलला पोहोचतो. ‘दाक्षिणात्य’ लिहिले तर चेन्नईला. ‘अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतले’ हे लांबलचक असले तरी बिनचूक आहे.

पहिला प्रतिसादक

आता ‘पुराणमतवादी’. या शब्दाला धर्माचा वास आहे. आगरकरांच्या काळापासून सोवळे-ओवळे, केशवपन, संमतिवयाचा वाद अशा गोष्टी त्याला चिकटलेल्या आहेत. ‘सनातनी’चे तर विचारूच नका. थर्मंड यांची सुरुवात पाहिली तर हा शब्द बसतच नाही. एजफील्डचा हा तरुण आधी शिक्षक, मग शाळांचा अधीक्षक, वडिलांच्या हाताखाली कायदा शिकून वकील, पुढे न्यायाधीश. महायुद्धात ग्लायडरमधून नॉर्मंडीत उतरला. गव्हर्नर झाल्यावर राज्यातला डोईकर काढून टाकावा असे म्हणत होता. १९४७ साली ग्रीनव्हिलजवळ विली अर्ल या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने ठार मारले, तेव्हा थर्मंड यांनी खटला चालवण्यावर जोर दिला. ३१ जणांवर आरोप ठेवले गेले आणि सगळे सुटले, ही गोष्ट वेगळी, पण गव्हर्नर म्हणून त्यांनी डोळेझाक केली नव्हती. त्या काळात लोक त्यांना सुधारक गटातले धरत.

त्याच माणसाने वर्षभरात ‘राज्यांच्या हक्कां’चा झेंडा हाती घेतला. तेव्हा त्यांनी राखायला घेतलेली गोष्ट जुने मत किंवा धर्म नव्हती, गोऱ्यांची सत्ता होती. म्हणून १९४८ पासून निदान १९६५ पर्यंतच्या थर्मंड यांना मी सरळ ‘वर्णविभाजनवादी’ म्हणेन. १९५६ चा दक्षिणेतल्या खासदारांचा ‘ब्राउन’ निकालाविरुद्धचा जाहीरनामा, ज्याचा पहिला मसुदा त्यांचा होता, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला विरोध, १९६५ च्या मतदान हक्क कायद्याला विरोध, हे सगळे त्या एका शब्दात येते. ‘पुराणमतवादी’ने त्यावर पांघरूण पडते. नंतरच्या काळासाठी, म्हणजे कमी कर, बलाढ्य लष्कर आणि कम्युनिस्टविरोध ही त्यांची भूमिका सांगताना ‘उजवे’ पुरेसे आहे. १९८३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीला त्यांनी मत दिले, तेही लेखात यायला हवे. फक्त त्याला ‘हृदयपरिवर्तन’ म्हणू नका. राज्यातले कृष्णवर्णीय तोवर मोठ्या संख्येने मतदार झाले होते.

तिसरा प्रतिसाद

फिलिबस्टरसाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे : लांबण, पाल्हाळ, चऱ्हाट, गुऱ्हाळ. पण त्यांतून कंटाळा तेवढा कळतो, हेतू कळत नाही. फिलिबस्टरचा हेतू विधेयक मताला येऊच न देणे हा असतो. म्हणून ‘अडवणुकीचे भाषण’ असे सुचवतो. नियम असा की बोलणाऱ्याने खाली बसायचे नाही आणि सभागृह सोडायचे नाही. २८ ऑगस्ट १९५७ ला रात्री उभे राहण्याआधी थर्मंड यांनी वाफेची आंघोळ करून अंगातले पाणी कमी केले होते, बाहेर जावे लागू नये म्हणून. राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचले, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. ते बसल्यानंतर नागरी हक्कांचे ते विधेयक काही तासांतच मंजूर झाले. त्यांच्या बाजूचे दक्षिणेतले सिनेटरही त्यांच्यावर चिडले होते, कारण विधेयक पुरेसे पातळ करून घेतल्यावर ते अडवायचे नाही असे त्यांचे आपसात ठरले होते. हा विक्रम २०२५ मध्ये न्यू जर्सीचे कृष्णवर्णीय सिनेटर कोरी बुकर यांनी २५ तास ५ मिनिटे बोलून मोडला. मात्र बुकर यांच्या भाषणाला ‘अडवणुकीचे’ म्हणता येणार नाही, तेव्हा कोणतेही विधेयक अडवायचे नव्हते. तिथे ‘प्रदीर्घ भाषण’ लिहा.

प्रश्नकर्ती

आणखी दोन. १९६४ ला ते रिपब्लिकन पक्षात गेले, ते ‘पक्षांतर’ का? आणि एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स यांच्याबद्दल लिहिताना ‘प्रेमसंबंधातून झालेली अनौरस मुलगी’ असे मसुद्यात आहे. ते खटकते आहे.

पहिला प्रतिसादक

पक्षांतर बरोबर आहे. फक्त आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा असल्यामुळे वाचक विचारेल की सदस्यत्व कसे गेले नाही. अमेरिकेत तसा कायदा नाही, एवढे अर्धे वाक्य घाला. त्या वर्षीचे रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांना पाठिंबा देत ते गेले, आणि पुढे दक्षिणेतली गोरी मते हळूहळू त्याच वाटेने गेली, म्हणून या शब्दाला लेखात जागा द्या.

दुसरे वाक्य तुम्हाला खटकले ते योग्यच झाले. ते पूर्ण बदला. एसी मे यांचा जन्म १९२५ चा. आई कॅरी बटलर १६ वर्षांची, थर्मंड यांच्या घरी कामाला, कृष्णवर्णीय. थर्मंड २२ वर्षांचे, मालकाचा मुलगा. तिथे ‘प्रेमसंबंध’ लिहायला आपल्याकडे कोणता आधार आहे? कॅरीची बाजू कोणी नोंदवून ठेवलेली नाही. आणि ‘अनौरस’ने कमीपणा मुलीच्या माथी येतो. ‘थर्मंड यांना कॅरी बटलर यांच्यापासून झालेली मुलगी’ एवढे लिहा. त्यांनी तिला पैसे दिले, भेटीही घेतल्या, पण जाहीरपणे कधी मान्य केले नाही. ते गेल्यावर डिसेंबर २००३ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, एसी मे स्वतः बोलल्या आणि थर्मंड कुटुंबाने ते मान्य केले. वर्णविभाजनाचे परिच्छेद संपवून ही माहिती शेवटी चौकटीत टाकू नका. १९४८ च्या प्रचाराच्या वेळी ही मुलगी २२ वर्षांची होती, तेव्हा तिचा उल्लेख तिथेच यावा.

दुसरा प्रतिसाद

राहिलेला एक शब्द : ‘प्रेसिडेंट प्रो टेंपोरी’. थर्मंड हे पद १९८१ पासून अधूनमधून भूषवत होते. त्याला ‘हंगामी अध्यक्ष’ म्हणू नका. आपल्याकडे हंगामी अध्यक्ष आमदारांना शपथ देण्यापुरता असतो. तिकडे बहुमतातल्या पक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याला हे पद मिळते आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसाक्रमात तो उपराष्ट्राध्यक्ष आणि कनिष्ठ सभागृहाचे स्पीकर यांच्यानंतर येतो. ‘सिनेटचे ज्येष्ठ अध्यक्ष’ लिहा.