थिनरवालं वार्निश बंद करा म्हणे!

जुना_वाइंडर: कालच्या धाग्यावर एका विद्वानांनी ठणकावलंय, "सॉल्व्हंट वार्निशवर सरसकट बंदी हवी. युरोपने केली, आपण का नाही?" तिथेच उत्तर लिहायला बसलो, लांबलं, म्हणून हा वेगळा धागा. साहेब, मी २६ वर्षं जळक्या मोटारींची वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची वेटोळी, नव्याने बांधतोय. त्या तारेवर चढवायच्या वार्निशच्या डब्यातला निम्मा माल थिनर, म्हणजे तुमचं सॉल्व्हंट, असतो आणि भट्टीत उडून जातो, हे मला शिकवू नका. पैसे मीच मोजतो. बिनथिनरचं रेझिनही आणलं होतं, सेल्समनच्या नादाने. त्याला टाकी गार लागते, रोज ताजी भर लागते. माझ्याकडे दिवसाला तीन मोटारी. ऐन एप्रिलात चार दिवस जत्रेला गेलो, येऊन झाकण उघडलं तर टाकीत खरवस! छिन्नीने फोडून काढला. ते पैसे कोण देणार, युरोप?

रेझिनवाली: काका, युरोपने वार्निशवर बंदी घातलेलीच नाही. एनएमपी या एका सॉल्व्हंटवर निर्बंध आहेत, २०१८ च्या नियमाने. तारेवर इनॅमल चढवणाऱ्यांना तर मे २०२४ पर्यंत मुदत होती. वापर चालू ठेवा, पण कामगाराच्या श्वासातल्या हवेत घनमीटरला १४.४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, कातडीलाही मर्यादेबाहेर लागू देऊ नका, एवढंच. आणि त्या विद्वानांना हेही सांगा की बिनथिनर म्हणजे सोवळं नव्हे. त्यात बऱ्याचदा स्टायरीन असतं. आपल्या जुन्या कारखाना कायद्याच्या तक्त्यात थिनरमधल्या झायलीनला हवेत १०० पीपीएमची (दहा लाखात १०० भाग) मर्यादा होती, स्टायरीनला ५०. कडक कुठे आहे बघा.

जुना_वाइंडर: तक्ते कारखान्यांना. आमच्या दोन पोरांच्या दुकानात कोण येतंय मोजायला?

रेझिनवाली: तेच तर म्हणतेय! पोरांची नाकं कायदा बघून वास घेत नाहीत.

उसाचं_पाणी: वार्निश बिर्निश राहू द्या. ह्या वाइंडरांनीच लुटलंय आम्हाला. गेल्या उन्हाळ्यात बोअरची मोटार जळली, ऊस वाळायला लागलेला. बिलात वार्निशचे वेगळे ८०० लावले. दीड महिन्यात परत जळली.

जुना_वाइंडर: रात्री-अपरात्री लाइट, तीही निम्म्या व्होल्टेजची. मोटार जळणार नाही तर काय होणार? शिव्या मात्र आम्हाला.

रेझिनवाली: थांबा थांबा. बोअरची पाणी भरलेली मोटार ना? त्यात प्लास्टिकचं वेष्टन असलेली तार असते. वार्निश लागतच नाही!

उसाचं_पाणी: म्हणजे ८०० रुपये कशाचे घेतले??

जुना_वाइंडर: मला काय विचारता? मी बांधली होती का? एक चोर निघाला की सगळी जात बदनाम.

भोसरीकर: चोरीचं राहू द्या, धुराचं बोला. माझ्या शेडमागे एक दुकान आहे. जळकी वाइंडिंग निघावी म्हणून रॉकेल ओतून अख्खा स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, पेटवतात. तो काळा धूर घेऊन माझी आई तीन वर्षं खोकतेय. वर स्टॅम्पिंगमधलं, म्हणजे स्टेटरच्या लोखंडी पत्र्यांमधलं, इन्सुलेशन जळतं, मोटार जन्मभर जास्त युनिटं खाते. तुम्ही कशी काढता, काका?

जुना_वाइंडर: सगळेच जाळतात.

भोसरीकर: मिळालं उत्तर.

जुना_वाइंडर: अहो शहाणे, एका बाजूने कॉइल कापायला मशीन लागतं, मग भट्टीत मऊ करून ओढायची. अर्धा दिवस जातो, आणि गिऱ्हाईक दारात उभं, "संध्याकाळी द्या." तुमचा तो प्रदूषण नियंत्रण बोर्डवाला वार्निशचे रिकामे डबे तळोज्याला की रांजणगावला, घातक कचऱ्याच्या प्रकल्पावर, पाठवा म्हणतो. चार डब्यांसाठी टेम्पो करू?

रेझिनवाली: चौघा-पाचांनी मिळून करा. भाजी आणायला जाता ना एकत्र?

जुना_वाइंडर: बरं, बाई. वार्निशच्या टाकीला झाकण आजपासून ठेवतो. तुमच्यासाठी नाही, थिनर माझंच उडतं म्हणून. भट्टीचं धुराडं छतावर नेतो दिवाळीनंतर. कटर सेकंडहँड कुठे मिळत असेल तर सांगा, मग जाळण्याचं बघू. त्या विद्वानांना मात्र एकदा माझ्या टाकीतला खरवस खायला पाठवा.

उसाचं_पाणी: आणि माझे ८००?