पहिला स्मार्टफोन आणि रिचार्ज : खाडीकाठच्या वाडीत राहणाऱ्याने काय पाहून घ्यावे?

आगळवाली (राजापूर)

सर्वांना नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका वाडीत राहते. आमचा महिलांचा बचत गट असून आम्ही कोकम आगळ, आमसुले, आंबापोळी आणि फणसपोळी तयार करून विकतो. आजवर माझे काम बटणाच्या साध्या फोनवर भागत होते. परंतु आता गिऱ्हाईक मालाचे फोटो मागते, पैसे क्यूआर कोडवर देऊ का असे विचारते, आणि गटाच्या बैठकीची सूचनासुद्धा व्हॉट्सॲपवरच येते. त्यामुळे पहिला स्मार्टफोन घेण्याचे ठरवले आहे. बारा हजारांपर्यंत खर्च करू शकते.

अडचण अशी की, प्रत्येकाचा सल्ला निराळा आहे. मुंबईतील मुलगा त्याच्याच कंपनीचे सिम घे म्हणतो, दुकानदार फाइव्ह-जी नसलेला फोन घेऊच नका म्हणतो, आणि शेजारच्या वहिनी म्हणतात की कुणाचा तरी वापरलेला फोन घेतला तरी पुरे. आमच्या घरात रेंज पडवीच्या एका टोकाला मिळते, माजघरात अजिबात मिळत नाही, आणि पावसाळ्यात लाईट गेली की काही वेळाने तीही जाते. माझा जुना नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला असल्यामुळे तो बदलायचा नाही. सुरुवात कुठून करावी, हे कृपया समजावून सांगावे.

सड्यावरून (देवगड)

ताई, पडवीच्या टोकाला रेंज आहे आणि माजघरात नाही, ही जी माहिती आपण दिलीत ती फोनच्या कंपनीपेक्षा महत्त्वाची आहे. पंचवीस हजारांचा फोन आणला तरी टॉवरवरून जे पोहोचतच नाही ते तो कुठून आणणार? म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्या किनारपट्टीवर आधी सिमची कंपनी ठरवावी, मग फोन आणि सर्वांत शेवटी रिचार्ज. दुकानात मात्र हे सारे नेमके उलट्या क्रमाने विकले जाते.

आपल्या मुलाचा सल्ला मुंबईपुरता बरोबर असेल, पण दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे स्वतंत्र सर्कल, म्हणजे सेवेचा वेगळा विभाग आहे. ठाणे, कल्याण आणि नवी मुंबई त्यातच येतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे ‘महाराष्ट्र आणि गोवा’ या दुसऱ्या सर्कलमध्ये आहेत. एकाच कंपनीकडे दोन्हीकडे असलेल्या लहरी आणि टॉवरांची दाटी सारखी नसते. त्यामुळे तिथे धो-धो चालणारे सिम इथे खोलगट वाडीत मुके होऊन बसते, यात नवल नाही.

त्यासाठी वाडीतील ज्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे आहेत अशा दोघातिघांना घरी बोलवावे आणि त्यांचे फोन आपण जिथे जिथे वावरता तिथे नेऊन पाहावेत : चुलीपाशी, माजघरात, आगळाच्या बरण्या ठेवता त्या खोलीत आणि आमसुले वाळत घालता त्या खळ्यात. नुसत्या उभ्या रेघा मोजू नयेत. प्रत्यक्ष फोन लावावा, एक फोटो पाठवून पाहावा आणि तो जायला किती वेळ लागतो ते लक्षात ठेवावे. हे काम सकाळी करण्यापेक्षा रात्री आठच्या सुमारास करणे चांगले, कारण तेव्हा सगळ्यांचे फोन चालू असतात आणि टॉवरवर खरा भार असतो. शेजाऱ्यांना आणखी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : लाईट गेल्यावर कोणत्या कंपनीचा टॉवर जास्त वेळ तग धरतो, आणि गणपतीत व मे महिन्यात चाकरमानी आल्यावर कोणाचे इंटरनेट चालू राहते. हे शेजाऱ्यांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याही जाहिरातीतून कळत नाही. कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे देतात, ते मुलाकडून पाहून घ्यावेत. पण चिऱ्याची जाड भिंत आणि मधला सडा, म्हणजे कातळाचे पठार, त्या नकाशात दिसत नाही.

यामागचे कारण थोडक्यात सांगतो, कारण त्याचा फोनच्या निवडीशी संबंध आहे. मोबाइलच्या लहरी वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालतात. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतीतून, झाडीतून बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी जास्त माहिती वाहून नेतात, पण आडोसा आला की लवकर दुबळ्या होतात. टॉवरवर कमी मेगाहर्ट्झचा पट्टा असला तरी तो आपल्या फोनलाही पकडता यायला हवा. उदाहरणार्थ, बीएसएनएलच्या स्वदेशी बनावटीच्या फोर-जी जाळ्याचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. त्यात ७०० आणि २१०० हे दोन पट्टे वापरले जातात. ज्या फोनमध्ये ७०० चा पट्टा, म्हणजे ‘बँड २८’ नाही, त्याला त्या टॉवरचा अर्धाच लाभ मिळतो. आपल्या वाडीत बीएसएनएलची रेंज सर्वांत चांगली निघाली, तर दुकानदाराला हा बँड आहे का असे विचारावे आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची माहिती उघडून दाखवायला सांगावे.

आता फाइव्ह-जीविषयी. फाइव्ह-जीचा फोन फोर-जीवरही चालतो, म्हणून तो घेण्यात नुकसान नाही. मात्र आपल्या भागात फाइव्ह-जी पोहोचलेले नसेल, तर केवळ त्या शिक्क्यासाठी मेमरी किंवा बॅटरीत तडजोड करू नये. आपल्या कामासाठी १२८ जीबी साठवण आणि निदान ४ जीबी रॅम, म्हणजे फोन काम करताना वापरतो ती मेमरी, असावी. ६ जीबी मिळाली तर फोन अधिक वर्षे न अडखळता चालेल. याखेरीज एक प्रश्न जवळपास कोणीच विचारत नाही : सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार? बँकेचे व्यवहार ज्या फोनवर करायचे त्याला हे अपडेट मिळत राहणे अत्यावश्यक आहे. स्वस्त फोनांमध्येही याबाबत दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत फरक आढळतो.

आणि शक्य असल्यास दोन सिमांचा फोन घेऊन दुसऱ्या खणात वेगळ्या कंपनीचे सिम ठेवावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत अनेक गावांत वीज आणि फोन दोन्ही कित्येक दिवस बंद होते. तशा वेळी जी कंपनी आधी सुरू होईल तिचे सिम हाताशी असणे किती मोलाचे असते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुरुस्तीचे टेबल (कणकवली)

वरील क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे. मोबाइल दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे फक्त फोनच्या आयुष्याविषयी लिहितो.

आपल्याकडे फोन पडून जितके येतात, त्याच्या बरोबरीने चार्जिंगचे तोंड गंजल्यामुळे येतात. दमट, खारी हवा आणि ओल्या हातांनी लावलेली पिन ही त्याची कारणे आहेत. खोक्यावर आयपी ६८ असा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा लिहिलेला असला तरी ती चाचणी गोड्या पाण्यात होते, खाडीच्या नव्हे. आणि बारा हजारांच्या फोनात बहुधा आयपी ५४ किंवा ६४ असते, म्हणजे शिंतोडे उडाले तर चालतील इतकेच. पाण्याने झालेला बिघाड सहसा वॉरंटीत बसत नाही. आत ओल गेल्याची शंका आली, तर चार्जर लावू नये, फोन बंद करून तोंड खाली करून पंख्याखाली ठेवावा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय करू नये; त्या तोंडातून तांदळाची भुकटी आणि कण मी अनेकदा कोरून काढले आहेत. वीज कडाडत असताना चार्जिंगला लावलेला फोन काढून घ्यावा.

ताईंच्या कामाशी निगडित एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कोकम फोडताना बोटे आंबट रसाने दिवसभर ओली आणि जांभळी राहतात, कातडीच्या रेषा झिजतात आणि मग फोन अंगठा ओळखत नाही. रेशनच्या यंत्रावर ज्यांचा अंगठा उमटत नाही, त्यांना हे लगेच पटेल. म्हणून अंगठ्याच्या जोडीला सहा अंकी पिन पहिल्याच दिवशी ठेवावा.

वापरलेला फोन घेऊ नये असे मी म्हणणार नाही, पण पहिल्यांदाच घेणाऱ्याला त्यातील बॅटरीची आणि बदललेल्या स्क्रीनची पारख नसते. घ्यायचाच झाला, तर *#०६# दाबून येणारा पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. इंग्रजीत ‘केवायएम’ लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक टाकून १४४२२ वर संदेश पाठवला की तो खरा आहे की काळ्या यादीतील, हे कळते. नवा फोन घेतानाही बिलावर हाच क्रमांक लिहून घ्यावा. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करून घेण्यासाठी हाच क्रमांक लागतो.

घेण्यापूर्वी त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे, तेही विचारावे. स्क्रीनसाठी कोल्हापूर गाठावे लागत असेल, तर दुकानात वाचलेले पाचशे रुपये एका फेरीत जातात. खोक्यात चार्जर आहे का, हेही पाहावे. हल्ली पुष्कळ फोनांसोबत तो मिळत नाही. आणि फोन दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन पडदा नीट वाचता येतो का, ते बघावे, कारण ताईंचे निम्मे काम खळ्यातच चालते.

गटाची खजिनदार (गुहागर)

नमस्कार ताई. आमच्याही गटात पहिले स्मार्टफोन अशाच कारणासाठी आले, म्हणून पैशांच्या बाजूचे लिहिते.

यूपीआय सुरू करताना ॲप आपल्या सिमवरून बँकेकडे एक संदेश पाठवते. त्यामुळे बँकेत नोंदवलेला नंबर त्याच फोनमध्ये असायला हवा, त्यावर संदेश पाठवण्याइतका रिचार्ज हवा आणि त्या क्षणी रेंजही हवी. पडवीच्या त्या टोकाला बसूनच हे काम करा. पहिल्या चोवीस तासांत बहुतेक बँका पाठवण्याची मर्यादा पाच हजारांपर्यंत ठेवतात, तेव्हा घाबरून जाऊ नका.

यानंतरची गोष्ट मी आमच्या गटातील प्रत्येकीला पाठ करायला लावली आहे : पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. गिऱ्हाईक मोठ्या ऑर्डरचे आमिष दाखवून ‘आगाऊ रक्कम पाठवतो, पिन टाका’ म्हणाले, तर फोन ठेवून द्यावा. पैसे आल्याचा फोटो पाहून माल हवाली करू नये, आपल्या बँकेच्या खात्यात जमा दिसल्यावरच द्यावा. वीजबिल थकले आहे, शेतकरी योजनेचा हप्ता अडला आहे असे सांगून व्हॉट्सॲपवर एपीके नावाची, परस्पर ॲप बसवणारी फाइल येते. ती उघडली तर फोनमधील संदेश आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. ॲप केवळ प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. तरीही फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवू, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक.

गटाचे पैसे आणि घरचे पैसे एकाच खात्यात येऊ देऊ नका. गटाच्या खात्यासाठी वेगळ्या क्यूआर कोडची व्यवस्था होते का, ते बँकेतच विचारून घ्या. वर्षअखेरीच्या हिशेबात त्याचे महत्त्व कळते.

आगळवाली (राजापूर)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. रेंज तपासण्याची पद्धत मला पूर्ण पटली. येत्या रविवारी वाडीतील तिघींना फोन घेऊन बोलावले आहे. दोन शंका मात्र उरतात. दुसऱ्या कंपनीची रेंज चांगली निघाली, तर जुना नंबर ठेवून तिकडे जाता येईल का? आणि रिचार्ज २८ दिवसांचा घ्यावा, ८४ दिवसांचा की वर्षाचा?

सड्यावरून (देवगड)

ताई, नंबर तोच राहतो. ही सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. संदेशात इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहावे, एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर टाकावा आणि १९०० वर पाठवावे. उत्तरादाखल येणारा सांकेतिक क्रमांक आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. तो क्रमांक आपल्याकडे चार दिवस चालतो, आणि सध्याच्या कंपनीकडे निदान ९० दिवस झालेले असावे लागतात. कंपनी तीच ठेवली, तरी जुने मोठे सिम नव्या फोनच्या लहान खणात बसणार नाही आणि ते बहुधा फोर-जीचेही नसेल. ते त्याच कंपनीत बदलून मिळते. मात्र सिम बदलल्यानंतर सुरक्षेसाठी पहिले चोवीस तास संदेश बंद असतात. त्या दिवशी ओटीपी येणार नाही, म्हणून बँकेचे काम दुसऱ्या दिवसावर ठेवावे.

रिचार्जचे म्हणाल, तर पहिल्या वेळी २८ दिवसांचाच घ्यावा आणि आपला वापर पाहावा. व्हॉट्सॲपवरील मजकूर, मालाचे फोटो आणि यूपीआय यांना डेटा फार थोडा लागतो. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासभर पाहिला, तर अर्धा जीबीच्या आसपास जातो. व्हिडिओ फारसे पाहत नसाल, तर रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या योजनेपेक्षा मुदतीभरासाठी एकत्र डेटा देणारी योजना बहुधा स्वस्त पडते. अंदाज आला की ८४ दिवसांच्या योजनेकडे जावे. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात, ही गोष्ट तुलना करताना धरावी आणि प्रत्येक योजनेची किंमत दिवसांनी भागून पाहावी. वर्षभराची योजना मात्र एक पावसाळा त्या कंपनीची रेंज पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण मध्येच कंपनी बदलली तर उरलेली मुदत आपल्यासोबत येत नाही. दुसऱ्या सिमसाठी केवळ फोन आणि संदेश देणाऱ्या, डेटा नसलेल्या योजना आहेत. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या आदेशानंतर २०२५ पासून कंपन्यांना त्या ठेवाव्याच लागतात, पण दुकानात आपणहून कोणी दाखवत नाही, तेव्हा नाव घेऊन मागाव्यात.

शेजारच्या घरापर्यंत फायबरचे इंटरनेट आले असेल आणि त्याचे वाय-फाय आपल्या घरीही घेता येत असेल, तर एवढे एक पाहा : फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगची सोय असली आणि आपली कंपनी ती देत असली, तर टॉवरची रेंज नसलेल्या माजघरातूनही नेहमीच्या नंबरवरून बोलता येते. रविवारी तिन्ही फोन माजघरात अबोल राहिले, तर फोन निवडताना ही सोय असलेलाच निवडावा.