मॅग्नेशियमच्या गोळ्या आणि बिघडलेले पोट

ब-३०४ : सर्वांना नमस्कार. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून मी गेल्या आठवड्यात मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू केल्या. डब्यावर दिवसाला एक असे लिहिले असले, तरी लवकर गुण यावा म्हणून रिकाम्या पोटी दोन घेत होतो. तिसऱ्या दिवसापासून पोटात गुडगुड सुरू झाली आणि सकाळी तीन-चार वेळा शौचाला पातळ होऊ लागले. ताप किंवा उलटी नाही. गोळ्या चालू ठेवाव्यात का? वडीलही (वय ७८) याच गोळ्या सुरू करायचे म्हणत आहेत, त्यामुळे विचारतो.

अ-१०२ : सुरुवातीला पोट साफ होते, ते चांगलेच असते. घाण बाहेर पडून जाऊ द्यावी. गोळ्या थांबवू नयेत.

क-५०१ : काका, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही इथे असहमती नोंदवते. औषधांच्या काउंटरवर माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि ‘घाण बाहेर पडते’ हे वाक्य ऐकून ऐकून मला त्याची धास्तीच बसली आहे. मॅग्नेशियमचा जो भाग रक्तात शोषला जात नाही, तो आतड्यात राहून पाणी स्वतःकडे ओढून धरतो आणि शौच पातळ होते. बद्धकोष्ठतेवर दिले जाणारे ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ याच गुणावर चालते. ३०४, आपण गोळ्यांच्या मागची बारीक अक्षरे वाचून कोणते संयुग आहे आणि किती, ते कृपया कळवावे.

ब-३०४ : भिंग लावून वाचले. ‘मॅग्नेशियम ऑक्साइड ५०० मि.ग्रॅ.’ असे आहे. पत्नीच्या डब्यावर मात्र ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मि.ग्रॅ.’ लिहिले आहे आणि तिला काहीच त्रास नाही, याचे नवल वाटते.

क-५०१ : नवल वाटण्यासारखे त्यात काही नाही, सगळा घोळ त्या आकड्यांचा आहे. ऑक्साइडच्या वजनात सुमारे ६० टक्के मॅग्नेशियम असते, म्हणजे आपल्या एका गोळीत ३०० आणि दोन गोळ्यांत ६०० मि.ग्रॅ. झाले. ग्लायसिनेटमध्ये ते साधारण १४ टक्केच असते, म्हणून १००० चा आकडा दिसला तरी वहिनींच्या पोटात जेमतेम १४० मि.ग्रॅ. जाते. त्यातही ऑक्साइड कमी शोषले जाते, त्यामुळे आतड्यात उरणारा भाग जास्त. पूरक गोळ्यांतून प्रौढांनी दिवसाला किती मॅग्नेशियम घ्यावे याची वरची मर्यादा अमेरिकेत ३५० आणि युरोपात २५० मि.ग्रॅ. धरली जाते, आणि ती मुख्यतः जुलाब कधी सुरू होतात हे पाहूनच ठरवलेली आहे. आहारातले मॅग्नेशियम या हिशेबात येत नाही.

सध्या गोळ्या थांबवाव्यात आणि क्षार-साखरेचे पाणी घेत राहावे. एक-दोन दिवसांत पोट ठिकाणावर यायला हवे. तसे झाले नाही, ताप आला किंवा शौचातून रक्त गेले, तर कारण वेगळे समजून डॉक्टरांना दाखवावे. पुढे गोळी घ्यायचीच ठरली, तर कमी मात्रेची आणि जेवणासोबत घ्यावी. मात्र वयस्करांच्या पोटऱ्यांत गोळे येण्यावर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही, असाच कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाची पडताळणी करणाऱ्या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे.

ड-२०३ : मी सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी घेते आणि लगेच मॅग्नेशियम. चालेल ना?

क-५०१ : नाही, दोन्हींत किमान चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. हाडांच्या ठिसूळपणावरील अ‍ॅलेंड्रोनेटसारख्या गोळ्या आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी प्रतिजैविके यांचीही तीच गत होते. अंतर औषधागणिक बदलते, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

अ-१०२ : मग जुलाब होत नसतील, तर मात्रा पचली असे समजायचे का?

क-५०१ : काका, हा प्रश्न आपण विचारलात हे फार बरे झाले, कारण वडिलांच्या बाबतीत खरी काळजी याचीच आहे. रक्तात गेलेले जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात, म्हणून धडधाकट माणसाचे प्रकरण बहुधा जुलाबावरच निभावते. मूत्रपिंडे थकलेली असतील तर ते रक्तात साठत जाते. आणि आतडी मंद असतील, बद्धकोष्ठता असेल, तर मॅग्नेशियम आत जास्त वेळ रेंगाळून शोषलेही अधिक जाते. अशा वेळी जुलाब होत नाहीत म्हणून निश्चिंत राहणे धोक्याचे ठरते. मळमळ, चेहऱ्यावर लाली, रक्तदाब उतरणे, स्नायूंत त्राण नसणे आणि पेंगुळलेपणा ही साठल्याची लक्षणे आहेत. पुढे श्वास मंदावतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात. तिथे घरी वाट पाहत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

म्हणून वडिलांना गोळी देण्यापूर्वी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडे कशी चालतात ते सांगणारी रक्ताची तपासणी करून घ्यावी. त्यांची आणखी कोणती औषधे चालू आहेत, तेही पाहावे, कारण मॅग्नेशियम दुसऱ्याच नावाने घरात आलेले असते. पित्तावरच्या बऱ्याच पातळ औषधांत ते असते. त्यातले अ‍ॅल्युमिनियम पोट बांधते आणि मॅग्नेशियम ढिले करते, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. गंमत म्हणजे पित्ताच्याच ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षभराहून अधिक चालल्या, तर काहींचे मॅग्नेशियम उलट घटते. तेव्हा अंदाजाने ना सुरू करावे, ना बंद.

ब-३०४ : वडिलांच्या उशाजवळची पित्ताची बाटली आत्ता पाहिली. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या खालच्या ओळीत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड छापलेले आहे आणि ते औषध ते दिवसातून तीनदा घेतात. क्रिएटिनिनचा शेवटचा अहवाल दोन वर्षांपूर्वीचा निघाला. त्यांच्यासाठी आणलेल्या डब्याचे सील अजून फोडलेले नाही. उद्या सकाळी डबा, बाटली आणि अहवाल घेऊन त्यांना डॉक्टरांकडे नेतो.