नागरिकत्वाची शपथ आणि निकाब : ठरावाची अनुकूल बाजू प्रामाणिकपणे कशी मांडावी?

दसरा_चौक

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते आणि दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेसाठी दोन विद्यार्थ्यांची तयारी करून घेते. यंदाचा ठराव असा आहे : ‘नागरिकत्वाची शपथ घेताना धार्मिक कारणास्तव चेहरा झाकण्यास परवानगी नसावी.’ बाजू चिठ्ठ्या टाकून ठरतात. अनुकूल बाजूची चिठ्ठी आली ती सदर बाजारात राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला. ती स्वतः डोक्यावरून ओढणी घेते, चेहरा झाकत नाही, पण तिची मोठी चुलती घराबाहेर पडताना निकाब घालते. जोडीदाराशी बाजू बदलून देऊ का, असे मी तिला विचारले. त्यावर ती म्हणाली, “मॅडम, चिठ्ठी ती चिठ्ठीच. फक्त मला असे मुद्दे द्या, की बोलून झाल्यावर घरी तोंड लपवावे लागणार नाही.”

अडचण अशी की, पहिल्या सरावात अर्धा वेळ उडुपीच्या हिजाब प्रकरणावरच गेला. तेथील प्रश्न डोक्यावरच्या वस्त्राचा आणि पदवीपूर्व महाविद्यालयाच्या गणवेशाचा होता. चेहरा झाकण्याशी त्याचा संबंध नव्हता, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे लागले. उरलेला वेळ ‘सुरक्षा’ या एकाच शब्दाने खाल्ला. कॅनडातील खटल्याविषयी मी वर्तमानपत्रात वाचले होते, पण न्यायालयाने नेमके काय ठरवले हे मला नीट मांडता येत नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी. अनुकूल बाजूला खरोखर बळ देईल असा मुद्दा कोणता, आणि टाळावा असा कोणता, हे मला विशेषकरून हवे आहे.

कोर्टाची_पायरी

मॅडम, मी चाळीसएक वर्षे वकिली केली, त्यामुळे खटल्यापासूनच सुरुवात करतो. डिसेंबर 2011 मध्ये कॅनडाचे तत्कालीन नागरिकत्व व स्थलांतर मंत्री जेसन केनी यांनी असे धोरण जाहीर केले, की शपथ उच्चारताना उमेदवाराचा चेहरा उघडा असला पाहिजे, म्हणजे तो खरोखर शपथ म्हणत आहे की नाही हे अधिकाऱ्यांना पाहता येईल. झुनेरा इशाक या पाकिस्तानातून आलेल्या महिलेने त्याला आव्हान दिले. मुलांनी पाठ करावी अशी गोष्ट ही, की ओळख पटवून देण्यास इशाक यांचा कधीच विरोध नव्हता. नागरिकत्वाच्या परीक्षेपूर्वी त्यांनी महिला अधिकाऱ्यासमोर निकाब काढला होता आणि शपथविधीपूर्वीही तसेच करण्याची त्यांची तयारी होती. भर सभागृहात, अनोळखी पुरुषांसमोर तो काढण्यास मात्र त्यांनी नकार दिला. त्यांना पुढच्या किंवा मागच्या रांगेत एखाद्या महिलेशेजारी बसवण्याची तडजोड सुचवण्यात आली होती. तीही त्यांनी मान्य केली नाही. म्हणून ‘सुरक्षा’ आणि ‘तोतयेगिरी’ हे दोन्ही शब्द तुमच्या विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी वहीतून खोडून टाकावेत, कारण प्रतिपक्षाला हे तपशील ठाऊक असतील तर तिची दोन मिनिटे तेथेच वाया जातील.

फेब्रुवारी 2015 मध्ये फेडरल न्यायालयाचे न्यायमूर्ती कीथ बॉसवेल यांनी हे धोरण बेकायदा ठरवले. का, तर कॅनडाच्या नागरिकत्व नियमांतच असे म्हटले आहे की शपथ देताना धार्मिक विधीच्या बाबतीत शक्य तितके अधिक स्वातंत्र्य द्यावे, आणि मंत्र्यांच्या सूचनेने त्या नियमाची वाट अडवली होती. मौनव्रत पाळणाऱ्या एखाद्या साधूला शपथ घेण्यासाठी मौन मोडावे लागले, तर त्याला हे ‘शक्य तितके स्वातंत्र्य’ मिळाले असे कसे म्हणावे, असा प्रश्न त्यांनी निकालपत्रात विचारला आहे. 15 सप्टेंबर 2015 रोजी सरकारचे अपील फेटाळले गेले, 9 ऑक्टोबरला इशाक यांनी निकाबसह शपथ घेतली, आणि निवडणुकीनंतर आलेल्या नव्या सरकारने नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातील अर्ज मागे घेतला.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. बॉसवेल यांनी मूलभूत हक्कांच्या प्रश्नाला हातच घातला नाही. त्याची आवश्यकता नाही असे सांगून त्यांनी तो बाजूला ठेवला. म्हणजे ‘चेहरा उघडा ठेवण्याची सक्ती घटनाविरोधी आहे’ असे त्या न्यायालयाने म्हटलेलेच नाही. खात्याच्या परिपत्रकाने नियमाला बगल देता येत नाही, एवढेच म्हटले आहे. त्यामुळे अनुकूल बाजूला अगदी सन्मानाने असे म्हणता येते, की ही अट संसदेने खुली चर्चा करून, कायद्याने घालावी. ठरावात ‘परवानगी नसावी’ एवढेच शब्द आहेत. ती कोणी आणि कोणत्या मार्गाने नाकारावी, हे सांगण्याची मोकळीक तुमच्या विद्यार्थिनीला आहे. ती तिने घ्यावी.

शाई_आणि_यादी

मी प्राथमिक शिक्षक असल्यामुळे निवडणुकीचे काम चुकत नाही. शपथविधीचा मला अनुभव नाही, पण चेहरा पाहण्याचा आहे, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी शहरातील एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. आमच्या यादीत निकाब घालणाऱ्या मतदार बऱ्याच होत्या. निवडणूक संचालन नियम, 1961 मधील नियम 34 प्रमाणे महिला मतदारांच्या मदतीसाठी केंद्रावर महिला कर्मचारी नेमता येते. आम्ही वर्गातले पोलादी कपाट आडवे फिरवले, त्याच्या दारावर घरून आणलेली चादर टाकली, आणि त्यामागे आमच्या अंगणवाडी सेविका ताई यादी घेऊन बसल्या. एक आजी आत गेल्या, निकाब वर केला आणि त्यांचा आवाज साऱ्या वर्गाला ऐकू आला : “बघ गं, यादीतल्या फोटोपेक्षा म्हातारी झालोय का मी?” ताई हसल्या, यादीवर खूण केली, आजी पुन्हा निकाब सोडून शाई लावायला आल्या. एकूण वेळ अर्धा मिनिट.

त्याच दुपारी एका उमेदवाराच्या प्रतिनिधीने “सगळ्यांसमोर चेहरा दाखवा” म्हणून आवाज चढवला. ओळखीवर आक्षेप घ्यायचा असेल तर नियमाप्रमाणे दोन रुपये अनामत भरा, मी लगेच चौकशी करतो, असे मी त्यांना सांगितले. दोन रुपये काही निघाले नाहीत. (आक्षेपाची रक्कम अजून दोन रुपयेच आहे, याचे मला दरवेळी नवल वाटते, पण तिचा उपयोग होतो.)

सांगायचे एवढेच, की ओळख पटवणे हे प्रशासनाचे काम आहे आणि ते चादरीमागे होते. 2006 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मतदारयादीतील पडदानशीन महिलांच्या छायाचित्रांवरचा आक्षेप फेटाळला होता. म्हणजे आपल्याकडे ‘चेहरा पाहूच नका’ हे मान्य झालेले नाही, आणि ‘सर्वांनी पाहिलाच पाहिजे’ हेही नाही.

गोषातला_नातू

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु दोघांनीही अनुकूल बाजूला फारच थोडे दिले, असे मला वाटते. मी त्या बाजूचा आहे आणि थोडे स्पष्ट लिहितो.

माझी आजी मराठा घराण्यातली, गोषात वाढलेली. अंबाबाईच्या दर्शनालाही ती पहाटे, पडदा लावलेल्या टांग्यातून जात असे. आपल्या लग्नात मांडवात कोण कोण आले होते हे तिने पाहिले ते चिकाच्या पडद्याच्या फटीतून. ‘तुझ्यावर कोणी सक्ती केली का?’ असे मी लहानपणी विचारले तेव्हा ती म्हणाली, “सक्ती कशाला? तशीच रीत होती.” मला आजही या उत्तराची भीती वाटते. म्हणून ‘ती स्वेच्छेने घालते’ हे वाक्य ऐकले की मी थांबतो. माझ्या आजीनेही तेच सांगितले असते. पडदा ही केवळ मुसलमानांची गोष्ट आहे असे समजून कोल्हापुरात कोणी बोलू नये, हेही यानिमित्ताने लिहून ठेवतो.

आता शपथेविषयी. मतदान गुप्त असते, म्हणून चादर शोभते. शपथ ही मुळातच उघड करायची कृती आहे. ‘मी आजपासून तुमच्यातला’ असे समोरच्यांना सांगायचे, आणि त्यांनी आपल्याला पाहायचे नाही, यात मला विसंगती दिसते. राज्य तुमच्याकडून रोज चेहरा मागत नाही. आयुष्यात एकदा, दोन-चार मिनिटे मागते. फ्रान्सचा 2010 चा कायदा सर्व सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास मनाई करतो आणि 2014 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो ‘एकत्र राहण्याच्या’ तत्त्वावर ग्राह्य धरला. रस्त्यावर, बाजारात, बसमध्ये दंड करणारा तो कायदा मला अतिरेकी वाटतो. तुमच्या विद्यार्थिनीने तोच पुढे ठेवून म्हणावे, की आम्ही एवढे मागत नाही, केवळ एका विधीपुरते मागतो. मागणी जितकी लहान, तितकी ती खोडणे अवघड.

डेन्मार्कचे उदाहरण मात्र तिने वापरू नये. तेथे 2018 च्या अखेरीस असा कायदा झाला, की नागरिकत्व घेताना अधिकाऱ्याशी हस्तांदोलन केलेच पाहिजे. आणि 2020 मध्ये करोना आल्यावर हस्तांदोलनच अशक्य झाल्याने ते सोहळे थांबवावे लागले. ज्या देशाचा दरवाजा एका हातमिळवणीवर अडतो, त्याचा दाखला आपल्या बाजूला भारी पडेल.

पंजे_आणि_गणपती

गोषातला_नातू दादा, आजीविषयी तुम्ही जे लिहिले ते मनापासून आवडले, पण माझ्या घरचे चित्र उलटे आहे. माझ्या आईने कधी बुरखा घातला नाही. ती डोक्यावर पदर घेऊन दुकान चालवायची. बुरखा घातला तो माझ्या धाकट्या बहिणीने, बी.कॉम. झाल्यावर, आईशी भांडून. आई अजूनही म्हणते की ही आमची रीत नव्हे. तेव्हा ‘रीत’ कोणाची आणि ‘स्वेच्छा’ कोणाची, हे माझ्या घरातही एका वाक्यात सांगता येत नाही. बहीण बँकेत गेली की काचेमागच्या मॅडमना बाजूला होऊन चेहरा दाखवते. त्याच दारावर ‘तोंडावरील रुमाल काढून आत यावे’ अशी पाटी आहे, आणि एप्रिलमध्ये स्कार्फने फक्त डोळे उघडे ठेवून गाडीवरून आलेल्या मुली ती न वाचता सरळ आत जातात. त्यांना कोणी अडवत नाही. माझ्या बहिणीला रखवालदार दोनदा पाहतो.

दसरा_चौक मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीने स्पर्धेत काय बोलायचे ते बोलावे. पण तिच्या चुलतीचे उदाहरण भाषणात आणू नये. टाळ्या मिळतील, आणि नंतर गल्लीत त्याची किंमत चुलती मोजेल.

कोर्टाची_पायरी

गोषातला_नातू यांचा ‘उघड कृती’ हा मुद्दा चर्चेतला सर्वांत वजनदार मुद्दा आहे, हे मान्य. परंतु प्रतिपक्ष त्यावर काय म्हणेल याची तयारी हवी, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली कॅनडातलीच. तेथील शपथेत राजनिष्ठा राणीला (आता राजाला) वाहावी लागते. काही स्थलांतरितांनी त्याविरुद्ध दाद मागितली. 2014 मध्ये ओन्टारिओच्या अपील न्यायालयाने ती फेटाळली, पण शपथ घेतल्यावर राजेशाहीला आपला विरोध आहे असे जाहीर करण्यास कोणी अडवलेले नाही, असेही म्हटले. त्यानुसार टोरोंटो विद्यापीठातील गणिताच्या एका प्राध्यापकांनी 2015 च्या नोव्हेंबरअखेर शपथ घेतली आणि लगेच राणीविषयीचा भाग आपण मानत नाही असे सांगून टाकले. त्यांचा चेहरा पूर्ण उघडा होता. ओठ हललेले दिसले म्हणजे निष्ठा दिसली, हे गृहीतक येथे कोसळते.

दुसरी आपली. 1985 मध्ये केरळच्या एका शाळेने यहोवाचे साक्षीदार पंथातील तीन भावंडांना काढून टाकले, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात मुलांच्या बाजूने निकाल दिला. न गाणारा आदराने उभा असेल तर तो अवमान नव्हे, हे तेथे ठरले. प्रतिपक्षाचा वक्ता थोडा जरी वाचणारा असेल, तर तो हा निकाल आणणारच. त्यावर तुमच्या बाजूचे उत्तर असे : त्या मुलांचे नागरिकत्व आधीपासून होते, ते त्यांना मागायचे नव्हते, येथे माणूस दारात उभा आहे, आणि दारातले नियम घरातल्यांपेक्षा थोडे वेगळे असू शकतात. हे उत्तर मला स्वतःला पटत नाही, तरीही ते टिकाऊ आहे.

लोकमताचा आधारही तिने घेऊ नये. 2015 मध्ये कॅनडा सरकारने करून घेतलेल्या पाहणीत 82 टक्के लोक या बंदीच्या बाजूने होते, आणि तरीही धोरण न्यायालयात टिकले नाही. ही संख्या तिच्यापेक्षा प्रतिपक्षाच्या उपयोगाची आहे.

दसरा_चौक

सर्वांचे मनापासून आभार. काल सरावाच्या वेळी मी हे सारे प्रतिसाद दोघांना वाचून दाखवले. सुरक्षेचा मुद्दा पूर्ण काढून टाकला आहे. चुलतीचा उल्लेख तिने आपणहून आधीच गाळला होता, असे कळले. मलाच त्याचा पत्ता नव्हता. ती आता कायद्याने, केवळ विधीपुरती आणि ओळख पटवण्याची सोय वेगळी ठेवून, अशा तीन मर्यादा घालून ठराव मांडणार आहे. गोषाच्या टांग्याचे उदाहरण वापरण्याची तिची इच्छा आहे. गोषातला_नातू यांची हरकत नसेल तर नाव न घेता वापरेल.

तिने एक शंका विचारली, ती येथे ठेवते. भारतात नागरिकत्व कायदा, 1955 च्या दुसऱ्या अनुसूचीत शपथेचा मजकूर आहे, आणि ती निष्ठा कोणा व्यक्तीला नव्हे, तर कायद्याने प्रस्थापित झालेल्या संविधानाला वाहायची आहे. “मॅडम, संविधानाला चेहरा दिसत नाही, मग आपल्याकडे तो कोणासाठी उघडायचा?” असे तिने विचारले. हा प्रश्न प्रतिपक्षाने विचारला तर तिच्याकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. स्पर्धा शनिवारी आहे. तोवर कोणाला सुचले तर अवश्य लिहावे.

गोषातला_नातू

टांगा खुशाल वापरावा. त्यात पडद्याचा रंग विचारला तर गर्द हिरवा सांगावा, आजीने तसाच सांगितला होता. शंकेचे उत्तर : शेजारी बसून तीच शपथ घेणाऱ्यासाठी. संविधान डोळे मिटून असेल, तो तर उघड्या डोळ्यांनी बसला आहे. प्रतिपक्ष यावर काय म्हणेल हे वकीलसाहेबांनी सांगावे.

कोर्टाची_पायरी

शेजाऱ्याला काय हवे आहे यावरून हक्क ठरत नाहीत, असे म्हणेल. पण तुमचे वाक्य परीक्षकांना आवडेल. घ्यावे.