सात ताऱ्यांची टेरा रेड: ढाल चढल्यावर वेळ का पुरत नाही?

रिकामा_ऑर्ब
पोकेमॉन स्कार्लेट-व्हायोलेट या गेममधल्या सात ताऱ्यांच्या टेरा रेडबद्दल (चौघांनी मिळून टायमर संपायच्या आत एका बॉसला हरवायची लढाई) विचारायचं आहे. समोर ड्रॅगन टेराचा (टेरा म्हणजे लढाईत पोकेमॉनचा टाइप बदलणं) चारिझार्ड, लेव्हल १००. चौघं अनोळखी खेळाडू ऑनलाइन. ढाल (बॉसला लागणारा मारा कापणारं कवच) चढेपर्यंत सगळं सुरळीत असतं. बॉसचा एचपी (जीव) भराभर उतरतो. ढाल चढली की आमचा मारा एकदम बोथट होतो, एकेक जण पडायला लागतो आणि बॉसचा पाव एचपी शिल्लक असताना टायमर संपतो.

माझा पोकेमॉन: अझुमरिल, लेव्हल १००, अ‍ॅडमंट नेचर (अटॅक वाढवणारा स्वभाव), ह्यूज पॉवर (अटॅक दुप्पट करणारी अ‍ॅबिलिटी), हातात शेल बेल, टेरा फेअरी. मूव्ह बेली ड्रम (निम्मा एचपी देऊन अटॅक चढवणारी) आणि प्ले रफ (फेअरी टाइपचा फटका), बाकी दोन भरतीच्या. बाकीचे तिघेही बहुतेक अझुमरिलच आणतात. चुकतंय कुठे? आणि चौघांनी कामं कशी वाटून घ्यावीत?

ढालफोड्या
अझुमरिलची निवड बरोबर आहे, घोळ क्रमात आहे.

आधी ढाल. ती असताना बॉसला लागणारा मारा तीन प्रतीचा असतो. टेरा न केलेल्या पोकेमॉनचा सगळ्यात कमी, टेरा करून दुसऱ्याच टाइपची मूव्ह वापरली तर मधला, आणि टेरा करून त्याच टाइपची मूव्ह वापरली तर सगळ्यात जास्त. म्हणजे ढाल चढायच्या क्षणी टेरा ऑर्ब (भरला की टेरा करू देणारा गोळा) भरलेला नसेल, तर पुढचे तीन फटके जवळजवळ वाया जातात. ऑर्ब भरायला तीन मारक मूव्ह लागतात. बेली ड्रम, लाइट स्क्रीन (आपल्या बाजूला लागणारा स्पेशल मारा कमी करणारी मूव्ह), चिअर (सगळ्या टीमला बळ देणारी हाक) यातलं काहीच त्यात मोजलं जात नाही. पहिल्या पाळीत ड्रम आणि मग दोनदा प्ले रफ एवढ्यात ढाल चढली, तर ऑर्ब अर्धवटच राहणार.

दुसरं कारण शेल बेल. ती तुम्ही केलेल्या माऱ्याच्या एक अष्टमांश एचपी परत देते. ढालीआधी ड्रम मारलेल्या अझुमरिलचा एक फटका इतका मोठा बसतो की तेवढ्यावर तब्येत भरून निघते, आणि आपण अमर आहोत असं वाटायला लागतं. ढालीने मारा कापला की शेल बेलही तेवढंच कमी देते. बॉसचा मारा मात्र तसूभरही कमी होत नाही. ढाल चढल्यावर लोक अचानक पडायला लागतात ते यामुळे.

तिसरं, आणि हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अझुमरिल वॉटर-फेअरी असतो तेव्हा त्याला आगीचा मारा अर्धा लागतो. टेरा फेअरी केलं की वॉटर टाइप जातो, फक्त फेअरी उरतो. ड्रॅगन पल्स पूर्वीसारखाच लागत नाही, पण फायर ब्लास्ट आणि ओव्हरहीट आता पूर्ण लागतात, म्हणजे आधीच्या दुप्पट. त्यात चारिझार्डने सनी डे (उन्हाचं हवामान) लावला असेल तर आग दीडपट होते, आणि सोलर पॉवर अ‍ॅबिलिटीमुळे त्याचा स्पेशल अटॅकही दीडपट. म्हणून टेरा करायच्या आधी कुणीतरी डिफेन्स चिअर दिलेला असावा किंवा लाइट स्क्रीन उभी असावी. उघड्या अंगाने टेरा करू नका.

निळा_ससा
आकडे मांडले की चौघंही अझुमरिल आणण्यातला तोटा दिसतो.

लेव्हल १००, एचपीत आणि अटॅकमध्ये २५२-२५२ ईव्ही (सरावाने वाढणारे गुण), अ‍ॅडमंट: एचपी ४०४, अटॅक २१८. ह्यूज पॉवरने ४३६, बेली ड्रमने चौपट म्हणजे १७४४. एवढी ताकद एकाच मूव्हमध्ये मिळते, पण त्याची किंमत २०२ एचपी. चौघांनीही पहिल्याच पाळीत ड्रम वाजवला की चौघंही निम्म्यावर येतात आणि सावरायला कुणीच मोकळं नसतं. मग प्रत्येक जण स्वतःपुरता हील चिअर मारतो आणि चिअर संपतात. एका खेळाडूला अख्ख्या लढाईत तीनच मिळतात. शिवाय एचपी निम्म्याखाली असताना बेली ड्रम लागतच नाही, ती पाळी फुकट जाते. पडून परत आलात तर चढवलेला अटॅक गेलेला असतो, पुन्हा ड्रम वाजवावा लागतो.

दोन अझुमरिल, दोन मदतनीस ही वाटणी सगळ्यात चांगली. मदतनीसांत एक ग्रिमस्नार्ल ठेवा, प्रँकस्टर अ‍ॅबिलिटीचा. ड्रॅगनचा मारा त्यालाही लागत नाही, आणि प्रँकस्टरमुळे त्याची लाइट स्क्रीन चारिझार्डच्या आधी लागते. हातात लाइट क्ले दिली की स्क्रीन पाचऐवजी आठ पाळ्या टिकते. ढाल नसेपर्यंत स्पिरिट ब्रेक मारत राहा. दर फटक्याला बॉसचा स्पेशल अटॅक एक पायरी खाली येतो आणि स्वतःचा ऑर्बही भरतो.

दुसरा मदतनीस स्क्रीच येणारा टिकाऊ पोकेमॉन, उदाहरणार्थ अंब्रियन. एका स्क्रीचने डिफेन्स दोन पायऱ्या उतरतो, म्हणजे प्ले रफ सरळ दुप्पट लागतो. तीन स्क्रीच लागले तर चौपट. अचूकता ८५ टक्के आहे, एखादा हुकेल हे धरून चाला. पण हे सगळं ढाल चढायच्या आत उरका. ढाल असताना स्क्रीचसारख्या मूव्ह बॉसवर चालत नाहीत, तेव्हा मदतनीसांनी चिअर आणि हेल्पिंग हँडकडे (सोबत्याचा फटका वाढवणारी मूव्ह) वळायचं.

पहिल्या दोन पाळ्या अशा जाव्यात. पहिलीत दोन्ही अझुमरिल ड्रम, ग्रिमस्नार्ल लाइट स्क्रीन, अंब्रियन स्क्रीच. ड्रम वाजवलेल्या दोघांचे एचपीचे पट्टे खाली आलेले दिसले की अंब्रियनने लगेच हील चिअर द्यायचा. तो सगळ्यांना लागतो, फक्त किती भरेल ते दर वेळी सारखं नसतं. त्याआधी दिला तर वायाच.

रिकामा_ऑर्ब
क्रमाचं लक्षात आलं. अजून दोन गोष्टी. मधेच बॉस आमचं चढलेलं सगळं पुसतो, तेव्हा काय करायचं? आणि आगीसाठी कुणी रेन डान्स आणला तर चालेल का?

ढालफोड्या
रेन डान्स अजिबात नको. पावसात आग निम्मी होते हे खरं, पण चारिझार्डकडे हरिकेन आहे. एरवी त्याची अचूकता ७०, उन्हात ५०, आणि पावसात ती कधीच हुकत नाही. उन्हात निम्म्या वेळा हुकणारा फटका आपणच शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवतो.

पुसण्याबद्दल. बॉसच्या या चाली वेगवेगळ्या असतात, त्यांची गल्लत करू नका. एकीत तो तुमच्या बाजूचं चढलेलं पुसतो, दुसरीत स्वतःवरचं उतरलेलं झटकून टाकतो, तिसरीत टेरा ऑर्बमधली साठलेली ऊर्जा ओढून घेतो. त्या त्याच्या नेहमीच्या पाळीबाहेर येतात, ठरलेल्या एचपीला किंवा ठरलेल्या वेळेला. म्हणजे एकच बॉस दोन-तीनदा खेळलात की कधी काय येतं ते पाठ होतं. चढलेलं पुसलं गेलं आणि तुमचा एचपी चांगला भरलेला असेल तर पुन्हा ड्रम. एचपी कमी असेल तर आधी मदतनीसाकडून हील चिअर येऊ द्या. पुसायची वेळ जवळ आली असेल तर त्याच्या तोंडावर ड्रम वाजवू नका. एक पाळी थांबून फटका मारा, पुसू दे, मग वाजवा.

ऑर्ब भरून तसाच ठेवण्यातही धोका आहे, तो चोरीला जातो. टेरा करून टाकलं की त्याला काही ओढता येत नाही. ढाल एखाद-दुसऱ्या फटक्यावर आली असेल तर टेरा आधीच करून मोकळं व्हा. पण टेरा केलेलं असताना पडलात तर ते जातं आणि ऑर्ब पहिल्यापासून भरावा लागतो. म्हणून टेरानंतरची पहिली पाळी सगळ्यात जपायची.

मोजूनमारा
टायमरबद्दल थोडं. कुणीही पडलं की सगळ्यांच्या टायमरचा लचका तुटतो, आणि त्याच माणसाला पुढच्या वेळी परत यायला आणखी जास्त सेकंद लागतात. त्यामुळे एका पाळीचा मारा सोडून जीव वाचवणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. पट्टा लाल झालेला असताना “अजून एक प्ले रफ” हा मोह सगळ्यात महाग. प्ले रफची अचूकता मुळात ९० आहे, लाल पट्ट्यावर हुकला तर दोन्हीकडून गेलं.

ऑनलाइन खेळात अ‍ॅनिमेशन चालू असतानाही टायमर पळतो. खूप वेळा आपटणाऱ्या मूव्ह, प्रवेशालाच लांब संदेश दाखवणाऱ्या अ‍ॅबिलिटी, उगाच लावलेलं हवामान, हे सगळं चौघांचे सेकंद खातं. पुढची मूव्ह आधी ठरवून ठेवा, मेन्यू उघडला की लगेच दाबा. बॉसचा पट्टा थोडा वेळ जागचा हलत नाही आणि मग एकदम घसरतो, तेव्हा घाबरू नका. फटके मोजले गेलेले असतात, पडद्यावर उशिरा दिसतात.

दुसऱ्या बॉससाठी टीम बांधताना एकच गोष्ट तपासा. त्याच्या टेरा टाइपवरून आपण कशाने मारायचं ते ठरतं, पण तो आपल्याला कशाने मारणार ते त्याच्या मूव्हवरून ठरतं. पॉयझन टेराचा ग्रेनिन्जा हे याचं चांगलं उदाहरण. पॉयझनवर सायकिक आणि ग्राउंड भारी, म्हणून लोक सायकिक पोकेमॉन आणतात आणि त्याच्या डार्क मूव्हला बळी पडतात. साधा ग्राउंड पोकेमॉन आणला तर पाण्याने वाहून जातो. वॉटर अ‍ॅब्सॉर्बचा क्लॉडसायर तिथे टिकतो: पाणी लागत नाही, विष किरकोळ लागतं, आणि मारायला ग्राउंड मूव्ह आहेच.

निळा_ससा
तयारीतली एक राहिलेली गोष्ट. अझुमरिलला बेली ड्रम लेव्हलने येत नाही. एक मूव्ह विसरायला लावून जागा रिकामी करा, हातात मिरर हर्ब (सोबतच्या पोकेमॉनची मूव्ह शिकवणारी वस्तू) द्या आणि बेली ड्रम येणारा हरियामा सोबत घेऊन पिकनिक मांडा. पिकनिक आवरली की मूव्ह आलेली असते. जागा रिकामी नसेल तर काहीच होत नाही, बहुतेकांचं इथेच अडतं. ईव्हीसाठी कोऱ्या अझुमरिलला २६ एचपी अप आणि २६ प्रोटीन (ईव्ही वाढवणाऱ्या बाटल्या) पुरतात. आधी लढवलेला असेल तर नको असलेले ईव्ही बेरी देऊन उतरवा, नाहीतर शेवटच्या बाटल्या लागणारच नाहीत.