बिलियनचं स्पॅनिश ‘बियोन’ नव्हे!

कृष्णाकाठ: काल ‘मिरज जंक्शन’ यांनी लिहिलं, की स्पॅनिशच्या क्लासवर पैसे घालवू नका; इंग्रजी येत असेल तर मच, मेनी, फ्यू, बिलियन हे शब्द डिक्शनरीत बघून एकास एक बसवता येतात. वाचून डोकं उठलं. मी सांगलीत बसून हेच भाषांतराचं काम करते, पोट त्यावर आहे. इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी. स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे लाख कोटी. हजारपट! शंभर कोटींना तिकडे ‘मिल मियोनेस’ म्हणतात. मच-मेनीची रूपं लिंग-वचनाप्रमाणे चार: मुचो, मुचा, मुचोस, मुचास. त्यात पाणी ‘एल आग्वा’, ‘एल’ दिसायला पुल्लिंगी, पण पुष्कळ पाणी ‘मुचा आग्वा’, स्त्रीलिंगी. आता बसवा एकास एक.

मिरज जंक्शन: ताई, रोजच्या बोलण्यात अब्ज कोण मोजतं? शिवाय शंभर कोटींना ‘मियार्दो’ आहेच, स्पॅनिश अकादमीने १९९५ मध्ये मान्य केलेला.

कृष्णाकाठ: मान्य केलाय, पण रुळलेला नाही. बातम्यांत ‘मिल मियोनेस’च वाचाल.

गणपती पेठ: अब्ज राहू द्या, क्विंटलचं बोला. आमचा हळदीचा व्यापार. मध्य अमेरिकेतून चौकशी आली, त्यात ‘किंताल’. भाषांतरवाल्याने क्विंटल लिहून दिलं, आम्ही शंभर किलोचा भाव कळवला. त्यांचा जुना किंताल शंभर लिब्रांचा, म्हणजे साधारण ४६ किलो. शंभर किलोचा असेल तर ‘किंताल मेत्रिको’ म्हणतात. दुपटीहून जास्त भाव बघून पार्टीने परत उत्तरच दिलं नाही.

वाळव्याचा शेतकरी: तुमची एक पार्टी गेली तर एवढं लागलं? आमचं काय? वाळवून, पॉलिश करून हळद यार्डात आणायची आणि काट्यावर पोत्यामागे कडता, म्हणजे वजनातली सूट, कापून घ्यायचा. विचारलं तर म्हणे, रिवाज आहे. तिथला क्विंटल किती किलोचा, ते सांगा आधी.

गणपती पेठ: सगळे व्यापारी एका माळेत ओवू नका. ओली हळद आणता, पुढे घट कुणी सोसायची?

वाळव्याचा शेतकरी: ओली? सौद्याआधी पोत्यात हात घालून, हळकुंड मोडून बघता ना? मग घेता कशाला? आमच्या वडिलांनी या कडत्यापायी यार्डात यायचं सोडलं. मला शिकवू नका.

विश्रामबाग: अहो, धागा स्पॅनिशचा आहे. कडत्यावर वेगळा काढा, मी पहिला येतो भांडायला.

कृष्णाकाठ: त्यांचं दुखणं खरं आहे, त्यावर जरूर लिहा. पण माझं म्हणणं अर्धंच राहिलं. इंग्रजीच्या वाटेने जाताच कशाला? ‘फ्यू’ला ‘पोकोस’, म्हणजे थोडेच. ‘अ फ्यू’ला ‘उनोस पोकोस’ किंवा ‘आल्गुनोस’, म्हणजे काही. मराठी माणूस ‘थोडेच लोक आले’ आणि ‘काही लोक आले’ यांत कधी गोंधळतो का? थोडा वेळ, थोडी साखर, थोडे पैसे हे आपण न शिकता बदलतो. ‘एनी’चंही तसंच. ‘नो तेंगो निंगून प्रोब्लेमा’, मला कोणतीच अडचण नाही. स्पॅनिशमध्ये नकार दोनदा, आपल्याकडेही ‘कोणतीच’ला ‘नाही’ लागतंच. इंग्रजीतून आलेलं पोर नेमकं इथे अडखळतं.

मिरज जंक्शन: बरं, बिलियन आणि किंताल मागे घेतो. मच-मेनीचं म्हणाल तर तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत, की मराठी येणाऱ्याला क्लास लागत नाही.

कृष्णाकाठ: लागतो. साखर स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, हे मराठी सांगणार नाही. स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ दोन्ही चालतं. बघा डिक्शनरी.